साताऱ्याच्या थंडीत गाडीला कोणतं ऑईल? डब्यावरचे आकडे काय सांगतात

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्यात दवबिंदू गोठल्याची बातमी जवळपास दरवर्षी येते. गाड्यांच्या टपावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो, फोटो मोबाईलवर फिरतात आणि त्याच दिवसांत सातारा-वाईच्या स्पेअरपार्टच्या दुकानांत गिऱ्हाईक विचारू लागतं, "थंडीचं ऑईल आहे का?" कुणी दुकानदार खरं ते सांगतो. कुणी दुप्पट-तिप्पट दराचा डबा पुढे करतो. आणि कुणी जुनाजाणता मिस्त्री म्हणतो, "आपल्या गाडीला जाडच ऑईल टाकायचं, पातळ ऑईलनं इंजिन खातं."

आपल्या समाजातली किती घरं गाडीच्या चाकावर चालतात हे वेगळं सांगायला नको. वडापची जीप, पाचगणी-महाबळेश्वरची टॅक्सी, रिक्षा, छोटा हत्ती, फळांचा पिकअप आणि या सगळ्यांची दुरुस्ती करणारी गॅरेजं. यातल्या बहुतेक गाड्या कर्जावर घेतलेल्या. इंजिन एकदा खोलायला लागलं की गाडी दहा-पंधरा दिवस उभी राहते, हप्ता मात्र उभा राहत नाही. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

सुरुवातीलाच सांगून टाकतो : सातारा-सांगलीच्या थंडीसाठी वेगळं ऑईल विकत घ्यायची गरज नाही. गाडीसोबत आलेल्या पुस्तकात जो ग्रेड छापला आहे तोच हिवाळ्यात आणि तोच उन्हाळ्यात. आपल्याकडे थंडीत इंजिनचं नुकसान होतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणांनी होतं, आणि ती कारणं डब्यावर लिहिलेली नसतात.

काकवी आणि खोबरेल

कराडकडच्या गुऱ्हाळावर ज्यानं काकवी पाहिली आहे त्याला ऑईलचा स्वभाव समजावायला वेळ लागत नाही. काहिलीतून काढलेली गरम काकवी पाण्यासारखी धावते. तीच बरणीत भरून थंडीच्या सकाळी वाटीत ओतायला घ्या, चमच्यालाच चिकटून बसते. वस्तू तीच, फक्त उष्णता गेली.

इंजिन ऑईलचंही तसंच. ढोबळ हिशोब असा, की चांगलं ५डब्ल्यू-३० ऑईल १०० अंशांवर जेवढं घट्ट असतं त्याच्या सुमारे पंचवीस पट घट्ट ते १० अंशांवर असतं. २०डब्ल्यू-४० तर पन्नास पटींच्या पुढे जातं. गरम इंजिनात या दोन ऑईलांत फारसा फरक नसतो, सव्वा ते दीडपट म्हणा. पण पहाटे १० अंशांवर २०डब्ल्यू-४० हे ५डब्ल्यू-३०च्या अडीच-तीन पट घट्ट असतं. पहाटे गाडीचा सेल्फ जड फिरतो त्यात या घट्टपणाचाही वाटा असतो.

मात्र इथं एक गैरसमज होतो. थंडीत घरातलं खोबरेल तेल बाटलीत गोठतं, तसं इंजिन ऑईलही गोठत असेल असं अनेकांना वाटतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपासच थिजायला लागतं, म्हणून साताऱ्यात ते दरवर्षी बाटलीत अडकतं. इंजिन ऑईलची जातच वेगळी. ते आपल्याकडच्या कुठल्याही थंडीत दगड होत नाही. शून्याच्या बरंच खाली गेल्यावरही वाहतं राहावं अशाच हिशोबानं ते बनवलेलं असतं. किती खाली, तेच डब्यावरचा पहिला आकडा सांगतो.

डब्ल्यू म्हणजे हिवाळा

५डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०. यातला डब्ल्यू म्हणजे 'विंटर'. वॉटही नाही आणि वजनही नाही. आणि ५ म्हणजे ५ अंश, २० म्हणजे २० अंश असंही नाही. हा गैरसमज इतका पसरला आहे की "आपल्याकडे १० अंशांपर्यंत पारा जातो म्हणून १०डब्ल्यू घ्या" असा सल्लाही ऐकायला मिळतो.

हे आकडे एसएई या अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेल्या मानकातले आहेत. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ते ऑईल जास्त थंडीत काम देतं. प्रत्येक ग्रेडची एका ठरलेल्या थंडीत परीक्षा होते : अशा थंडीत इंजिन सेल्फवर फिरू शकेल इतकं ऑईल सैल राहतं का? २०डब्ल्यूची परीक्षा उणे १५ अंशांवर, १५डब्ल्यूची उणे २० वर, १०डब्ल्यूची उणे २५ वर, ५डब्ल्यूची उणे ३० वर आणि ०डब्ल्यूची उणे ३५ वर. ऑईल पंपाला ते खेचता येतं का, याची वेगळी परीक्षा आणखी ५ अंश खाली होते.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. आपल्याकडे सगळ्यात 'जाड' समजलं जाणारं २०डब्ल्यू-५० ऑईलसुद्धा उणे १५ अंशांची परीक्षा देऊनच डब्यात भरलेलं असतं. साताऱ्यात कडाक्याची थंडी म्हणजे ८-१० अंश. वेण्णा तलावाकाठी पारा दोन-चार अंशांवर किंवा क्वचित शून्याच्या जवळ येतो. म्हणजे परीक्षेची रेषा तिथूनही पंधरा अंश लांब राहिली.

डब्ल्यूच्या नंतरचा आकडा गरम इंजिनाचा. १०० अंशांवर ऑईल किती घट्ट राहतं ते तो सांगतो : २० पातळ, ३० मध्यम, ४० जाड, ५० त्याहून जाड. आपल्या भागात खरा कस या दुसऱ्या आकड्याचा लागतो. जी गाडी जानेवारीत पसरणी घाट चढते तीच एप्रिलमध्ये वऱ्हाड घेऊन जत-आटपाडीच्या उन्हात जाते. 'थंडीचं ऑईल' म्हणून कुणी ४०च्या जागी २० भरलं, तर भर उन्हात, भरल्या गाडीनं, दुसऱ्या गिअरवर घाट चढताना बेअरिंगमधला ऑईलचा थर पातळ पडतो. म्हणून पुस्तकात सांगितलेल्यापेक्षा दुसरा आकडा खाली आणू नये.

एकच ऑईल थंडीत सैल आणि गरमीत घट्ट कसं राहतं? त्यात लांबलचक रेणूंचं एक मिश्रण घातलेलं असतं. थंडीत हे रेणू गुंडाळून पडतात आणि ऑईलच्या वाहण्याला आड येत नाहीत. उष्णता लागली की ते पसरतात आणि ऑईलला फार पातळ होऊ देत नाहीत. गिअर आणि बेअरिंगमध्ये चिरडून चिरडून हे रेणू तुटत जातात, आणि ऑईल वेळेवर बदलायचं हेही एक कारण आहे. जुन्या डिझेल इंजिनांत आणि शेतातल्या पंपांत अजून कुठे कुठे नुसतं '४०' लिहिलेलं सिंगल ग्रेड ऑईल दिसतं. त्यावर डब्ल्यू नसतो, म्हणजे थंडीची कसलीच हमी नसते. गळीत हंगामात पहाटे उसाच्या फडात निघणारा ट्रॅक्टर खरोखरच उठत नसेल, तर आधी आत हेच ऑईल तर नाही ना ते पाहावं. पुस्तक परवानगी देत असेल तर १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० टाकल्यावर सकाळचा त्रास कमी होतो.

वेण्णाकाठी बर्फ, बाजारपेठेत नाही

थंडीच्या बातम्यांबद्दल थोडंसं. एकाच रात्री वेण्णा तलावाजवळ दवबिंदू गोठतात आणि महाबळेश्वर गावात पारा १०-१२ अंशांवर असतो, हे अनेकदा घडतं. थंड हवा जड असते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री ती उतारावरून ओघळून खोलगट जागेत साचते, आणि लिंगमळा व तलावाचा परिसर तसाच आहे. म्हणूनच कधी कधी डोंगरावरच्या महाबळेश्वरपेक्षा खालच्या साताऱ्यात किमान तापमान कमी नोंदवलं जातं. टॅक्सीवाल्यांनी यातून एवढंच घ्यावं : गाडी रात्री खोलगट जागी, उघड्यावर लावण्याऐवजी थोड्या उंचावर, भिंतीच्या किंवा झाडाच्या आडोशाला लावली तर पहाटे तीन-चार अंशांचा फरक फुकटात मिळतो.

मग पहाटे गाडी कुरकुरते का?

पारा सर्वांत खाली जातो तो सूर्योदयाच्या आसपास, म्हणजे फजरची नमाज आटोपून माणूस धंद्यावर निघतो त्याच वेळी. रात्रभर उभी असलेली गाडी चावी मारली तर दोन तऱ्हेनं त्रास देते, आणि दोन्हींचा अर्थ वेगळा.

सेल्फ घोगऱ्या आवाजात हळूहळू फिरत असेल तर आधी बॅटरी बघा. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि नेमकी त्याच वेळी घट्ट ऑईलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. तीन-चार वर्षांची बॅटरी उन्हाळा-पावसाळा कशीबशी काढते आणि डिसेंबरात मान टाकते. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यानं धुऊन काढली, तार घट्ट केली, तरी अनेकदा काम होतं. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नसेल, तर ऑईलचा त्यात दोष नाही. डिझेलला हिटर प्लग, पेट्रोलला स्पार्क प्लग किंवा इंधन. यात महागडं ऑईल भरून काहीही साधत नाही.

सुरू झाल्यावर काय करायचं, हे ऑईलच्या ग्रेडपेक्षा महत्त्वाचं आहे असं आमचं मत. रात्री बरंचसं ऑईल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. पहाटे पहिले काही सेकंद वरच्या भागात फक्त जुना थर चिकटलेला असतो, म्हणून टॅपेटचा टकटक आवाज येतो. नेमकं त्याच क्षणी लोक ॲक्सिलरेटर दाबून रेस देतात, "गाडी गरम करतोय" म्हणून. इंजिन झिजवायचा याहून सोपा मार्ग नाही. तसंच दहा-दहा मिनिटं उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणंही बरोबर नाही. उभ्या इंजिनात उष्णता फार हळू येते, इंधन पुरतं जळत नाही आणि त्यातलं थोडं ऑईलमध्ये झिरपतं. अर्धा-एक मिनिट थांबा, ऑईलचा लाल दिवा विझला आहे ना बघा आणि हळू निघा. पहिले चार-पाच किलोमीटर इंजिन ओरडू देऊ नका.

आपल्या भागाची अडचण अशी की ते चार-पाच किलोमीटर सपाट मिळतीलच असं नाही. वाई सोडली की लगेच पसरणी घाट. साताऱ्यातून कासला निघालं की बोगदा ओलांडताच यवतेश्वरची चढण. मेढ्याकडून महाबळेश्वरला जाताना केळघर घाट. थंड इंजिनावर सात-आठ माणसं भरून चढ सुरू करण्यापेक्षा स्टँडवर प्रवासी भरताना शेवटचे दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा आणि घाटाचा पहिला टप्पा खालच्या गिअरमध्ये, शांतपणे चढा. एक गोष्ट बहुतेक जण विसरतात : काट्यावर दिसतं ते पाण्याचं, म्हणजे कूलंटचं तापमान. काटा मध्यावर आला तरी ऑईल तापायला अजून वेळ असतो.

उलट, पाचगणीहून सकाळी वाईला उतरताना गाडी निम्मा वेळ इंजिनावर भार न घेता गिअरमध्ये घरंगळत असते. ऑईल तापतच नाही. अशा फेऱ्या रोज करणाऱ्या गाड्यांचं ऑईल किलोमीटरच्या मानानं लवकर खराब होतं.

'जाड ऑईल' आणि बीएस-६ ची गाडी

जाड ऑईलचा आग्रह वाऱ्यावर आलेला नाही. पूर्वीच्या इंजिनांत फटी मोठ्या असायच्या, गाडी झिजली की ऑईल खायची, आणि २०डब्ल्यू-५० टाकलं की धूर आणि आवाज काही महिने तरी दबायचा. जुन्या जीपला, जुन्या ट्रॅक्टरला तो सल्ला आजही चालून जातो. पण अलीकडच्या छोट्या पेट्रोल गाड्यांना कंपनी ०डब्ल्यू-२०, काहींना ०डब्ल्यू-१६ इतकं पातळ ऑईल सांगते. तिथल्या ऑईलच्या नळ्या, फटी आणि पंप त्याच हिशोबानं बनवलेले असतात. तिथे २०डब्ल्यू-५० ओतलं तर पहाटे वरच्या भागापर्यंत ऑईल पोचायला उशीर होतो आणि ॲव्हरेजही पडतं. मिस्त्रीच्या अनुभवाला आमचा सलाम आहे, पण त्याचा अनुभव ज्या इंजिनावर जमला ते इंजिन आता बदललं आहे.

डिझेलवाल्यांनी तर याहून जपून राहायला हवं. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमार्गात धूर गाळणारी एक जाळी आली, जिला डीपीएफ म्हणतात. जाळीत साचलेली काजळी गाडी स्वतःच अधूनमधून जाळून टाकते. पण ऑईलमधल्या काही रसायनांची राख होते, ती जळत नाही, कायमची जाळीत बसते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑईल लागतं. डब्यावर ते सीके-४ किंवा सी३ अशा खुणेनं ओळखता येतं. जुन्या गाडीसाठी आणलेलं सीआय-४ ऑईल उरलं म्हणून नव्या पिकअपमध्ये ओतलं, तर पहिल्या दिवशी काही होत नाही. जाळी हळूहळू बुजते आणि एक दिवस डॅशबोर्डवर दिवा लागून गाडीची ताकद जाते. ती जाळी बदलायचा खर्च ऑईलच्या कित्येक डब्यांचा असतो. तेव्हा ग्रेड जुळला म्हणजे झालं, असं नाही. १५डब्ल्यू-४० मध्ये सीआय-४ ही मिळतं आणि सीके-४ ही. पुस्तकातल्या दोन्ही गोष्टी जुळवून घ्या.

हिवाळ्यात याच गाड्यांचा आणखी एक प्रकार दिसतो. शाळेची व्हॅन किंवा गावातल्या गावात फिरणारा टेम्पो घ्या. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं, काजळी जाळायचं काम अर्धवट राहतं, आणि त्या कामासाठी फवारलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑईलमध्ये उतरतं. काठी काढून बघितली तर ऑईलची पातळी वाढलेली! मालक खूश, "बघा, गाडी थेंबभर ऑईल खात नाही." खरं तर आत डिझेल मिसळलंय आणि ऑईल पातळ झालंय. काठीवर वरच्या खुणेच्या पुढे पातळी गेली असेल, डिझेलचा वास येत असेल, तर किलोमीटर मोजत बसू नका, ऑईल बदला. आणि आठवड्यातून एकदा तरी महामार्गावर अर्धा तास सलग गाडी चालवा.

मोटारसायकलचं ऑईल वेगळं का?

बहुतेक मोटारसायकलींत क्लचच्या प्लेटा इंजिनच्याच ऑईलमध्ये बुडालेल्या असतात. चारचाकीच्या काही ऑईलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात, ती त्या प्लेटांवर बसली की क्लच घसरतो. म्हणून बाईकच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' ही खूण पाहा. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला 'एमबी' चालतं. ग्रेड पुस्तकातलाच. रोजच्या वापराच्या कित्येक बाईक-स्कूटरना १०डब्ल्यू-३० असतो, काहींना २०डब्ल्यू-५०. कारमधून उरलेलं पाव लिटर बाईकमध्ये ओतू नका, एवढं पाळलं तरी पुरे.

काश्मीर, लडाखला गाडी नेणार असाल तर

इथं मात्र हिशोब बदलतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतल्या फौजी घरांना ही थंडी ठाऊक आहे. श्रीनगरला २१ डिसेंबरला सुरू होणाऱ्या चिल्लई कलानच्या चाळीस दिवसांत पारा उणे पाचच्या आसपास जाणं नेहमीचं. १५डब्ल्यूला तेही झेपतं. द्रास आणि लडाखमध्ये उणे २० च्या खाली जातो, तिथे २०डब्ल्यू आणि १५डब्ल्यू दोन्ही मागे पडतात, ५डब्ल्यू किंवा ०डब्ल्यूच हवं. तेही गाडीच्या पुस्तकातल्या तक्त्यात बसत असेल तरच. तिथे ऑईलच्या आधी डिझेलच थिजतं. त्यातलं मेण सुटून फिल्टर बुजतो. म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑईलने लडाखसाठी वेगळं हिवाळी डिझेल आणलं, जे उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. इथून टाकी भरून नेलेलं डिझेल तिथे रात्रभर ठेवायचं नाही, वर जाताना तिथल्या पंपावर भरायचं.

आणि रेडिएटर! आपल्याकडे कूलंट संपलं की नळाचं पाणी भरायची सवय आहे. साताऱ्यात ते चालून जातं (गंज चढतो, तो भाग सोडा), श्रीनगरला नाही. पाणी गोठताना फुगतं आणि रेडिएटरच काय, इंजिनचा ब्लॉकही तडकवू शकतं. निघण्यापूर्वी कूलंट योग्य प्रमाणात भरून घ्या. थंड मुलखात काही ट्रकवाले चेंबरखाली जाळ करून ऑईल सैल करतात, ते बघून इथं कुणी करू नये. ऑईल आणि डिझेलच्या थेंबांनी माखलेल्या गाडीखाली आग, याला धाडस म्हणत नाहीत.

जमातीची रुग्णवाहिका आणि मय्यतगाडी

हा भाग आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अनेक गावांत मशीद ट्रस्टची किंवा जमातीची रुग्णवाहिका आणि मय्यतगाडी असते. लोकांच्या चंद्यातून घेतलेली, कुणी देणगी दिलेली. गाडी चार-चार, आठ-आठ दिवस उभी असते. मग जानेवारीच्या रात्री दोन वाजता फोन येतो, कुणाच्या छातीत दुखतंय, मिरजेला न्यायचंय, आणि सेल्फ नुसता टक्-टक् वाजतो. तेव्हा ग्रेडची चर्चा कामाची नसते.

अशा गाडीवर थंडीचे सगळे त्रास एकदम येतात. बॅटरी उभ्या उभ्या उतरते. मय्यतगाडी मशिदीपासून कब्रस्तानापर्यंत दोन-तीन किलोमीटर, तीही पायी चालणाऱ्यांच्या वेगानं जाते आणि परत येऊन उभी राहते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाण्याची वाफ तयार होते. बरीचशी सायलेन्सरमधून जाते, थोडी पिस्टनच्या कडेनं खाली ऑईलमध्ये उतरते. इंजिन नीट तापलं तर ती उडून जाते. तापलंच नाही तर तिचं पाणी होतं आणि ऑईलबरोबर घुसळून पांढरट, दुधाळ लोणी बनतं. ऑईल भरायचं झाकण उघडून आतून पाहा, तिथं ते दिसेल. (कूलंटही कमी होत असेल, तर मात्र हेडच्या गॅसकेटमधून पाणी शिरत असावं. तेव्हा गाडी हलवू नका, मिस्त्रीला बोलवा.)

आणि ट्रस्टच्या बैठकीत विषय निघाला की उत्तर ठरलेलं : "गाडी वर्षात दोन हजार किलोमीटरसुद्धा चालली नाही, ऑईल कशाला बदलायचं?" पुस्तकात बदलायची मुदत दोन तऱ्हेनं दिलेली असते, इतके किलोमीटर किंवा इतके महिने, यातलं जे आधी येईल ते. उभ्या गाडीला महिन्यांचाच नियम लागतो. वर्षातून एकदा ऑईल आणि फिल्टर, गाडी कितीही कमी चालली तरी. थंडी सुरू व्हायच्या आधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात हे उरकलं तर उत्तम. आठवड्यातून एकदा जुम्म्यानंतर कुणीतरी जबाबदार माणसानं गाडी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणावी. जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद करणं म्हणजे आत आणखी पाणी साठवणं. गाडीत एक वही ठेवावी : ऑईल कधी बदललं, कोणतं, बॅटरी कधीची, कुणी फिरवून आणली. देणगीत आलेल्या जुन्या गाडीचं पुस्तक बहुधा हरवलेलं असतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर दाखवला की ग्रेड कळतो.

डबा खरा आहे का?

योग्य ग्रेड कळला, पैसे मोजले, आणि डब्यात भलतंच भरलेलं निघालं तर? नामांकित कंपनीचा रिकामा डबा भंगारातून उचलायचा, त्यात गाळलेलं जुनं किंवा हलकं ऑईल भरायचं, नवं सील मारायचं, असा धंदा चालतो. कुरआनात मापात मारणाऱ्यांच्या नावाची एक स्वतंत्र सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. आपल्यातल्या दुकानदारांना आणि गॅरेजवाल्यांना याहून जास्त काय सांगायचं!

गिऱ्हाईकानं आपल्या परीनं जपावं. ओळखीच्या अधिकृत दुकानातून घ्या, पक्कं बिल मागा. झाकणाचं सील आणि त्याखालचा पत्रा तपासा, बॅच नंबर आणि तारीख डब्यावर व झाकणावर खोडलेली नाही ना पाहा. कंपनीनं स्कॅन करायचा कोड दिला असेल तर मोबाईलवर तपासा. गॅरेजमध्ये डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा, यात मिस्त्रीचा अपमान नाही, प्रामाणिक मिस्त्री उलट खूशच होतो. आणि रिकामा डबा तिथंच खिळ्यानं भोकं पाडून टाका, म्हणजे तो पुन्हा भरला जाणार नाही.

उतरवलेलं काळं ऑईल गटारात ओतू नका. ते नाल्यातून वेण्णा आणि कृष्णेलाच मिळतं. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते फासायची पद्धतही सोडायला हवी, त्यात इंजिनमधले जड धातू उतरलेले असतात आणि ते मातीत जातात. कायद्यानं जुनं ऑईल हा घातक कचरा आहे. गॅरेजवाल्यांनी झाकणाच्या पिंपात साठवून परवाना असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच विकावं, त्याचेही पैसे मिळतात. घरी ऑईल बदलणाऱ्यांनी ते जुन्याच डब्यात भरून जवळच्या गॅरेजच्या पिंपात नेऊन ओतावं, आणि डब्याला भोकं त्यानंतर पाडावीत.